दोन बेटांची ठमी

काकू प्राणिसंग्रहालयात लागल्या त्या भाज्या चिरायला. प्राण्यांचं स्वयंपाकघर म्हणजे एक लांबोडकी खोली, मधोमध स्टीलचं टेबल, कोपऱ्यात पाण्याचा हौद आणि भिंतीवर एक फळा. कोणाला काय द्यायचं आणि कोणाला काय अजिबात द्यायचं नाही, ते डॉक्टर रोज सकाळी त्या फळ्यावर लिहून जायचे. काकूंनी तिथे वर्षानुवर्षं गाजरं तासली, रताळी उकडली, सफरचंदांच्या बिया काढल्या. हात चालू तसं तोंडही चालू. घरी नवरा शिंपी. मशीनवर मान खाली घालून बसला की विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी उत्तर देणारा. त्यामुळे काकूंचं बोलणं घरात साठायचं आणि स्वयंपाकघरात सांडायचं.

पुढे वानरघराचा जुना रखवालदार निवृत्त झाला आणि त्याची जागा घ्यायला कोणीही तयार होईना. कारण एकच, ठमी.

ठमी म्हणजे ऑरँगउटानची मादी. माकड नव्हे, हे काकू पुढे आयुष्यभर लोकांना सांगत राहिल्या. माकडाला शेपूट असते. हे बिनशेपटीचे मोठे वानर, गोरिला आणि चिंपांझीच्या भावकीतले आणि जरा लांबून आपल्याही. ठमीचे केस तांबडे आणि इतके लांब, की बसली तर वाळत घातलेली घोंगडी वाटावी. लहानपणी ती कोणा श्रीमंताच्या बंगल्यात बेकायदा पाळलेली सापडली होती. तिथून सोडवून आणली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती म्हणे. आईबाप कोण, आणली कुठून, काही पत्ता नाही. आणि तिला एक वाईट खोड होती. नळाला तोंड लावून गाल भरून पाणी घ्यायचं, निष्पाप चेहऱ्याने जाळीपाशी येऊन बसायचं आणि माणूस जवळ आला की नेम धरून सगळं त्याच्या तोंडावर उडवायचं. नेम कधी चुकायचा नाही.

साहेबांनी, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या प्रमुखांनी, सगळ्यांना विचारून झाल्यावर नाइलाजाने काकूंना विचारलं. काकू लगेच हो म्हणाल्या. गाजरांना कान नसतात, हे त्यांच्या एव्हाना लक्षात आलं होतं.

पहिल्याच दिवशी काकूंना अंघोळ घडली. मागे उभे असलेले लोक खी खी करून हसले. काकूंनी शांतपणे चेहरा पुसला, चष्मा पुसला, नळाशी गेल्या, गाल भरून पाणी घेतलं आणि जाळीपाशी येऊन ठमीच्या तोंडावर सोडलं. ठमीच्या भुवया वर गेल्या. तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं, काकूंकडे बराच वेळ बघितलं आणि जाळीतून एक बोट बाहेर काढलं. काकूंनी त्या बोटाला आपलं बोट लावलं. त्या दिवसापासून पाणी बंद. निदान काकूंपुरतं तरी बंद. साहेबांना ते पुढेही अधूनमधून मिळत राहिलं.

त्यानंतर दोघींचं फारच जमलं. काकू फरशी धुताना घरचं सगळं सांगायच्या. जावेने काय टोमणा मारला, नवऱ्याने कोणाच्या विजारीला उलटं अस्तर लावलं, मुलीने फोनवर काय रडगाणं गायलं. ठमी फळीवर आडवी होऊन, गालाला हात लावून ऐकायची. लग्न होऊन लांब गेलेली काकूंची मुलगी बापाला म्हणायची, "बाबा, आईला माझ्या सासूचं नाव आठवत नाही, पण ठमीने सकाळी काय खाल्लं ते बरोबर आठवतं." शिंपी मान हलवायचे. त्यांनाही ते पाठ झालं होतं.

एका हिवाळ्यात विद्यापीठातून एक संशोधक बाई आली. मोठ्या वानरांच्या वंशावळीचा अभ्यास करत होती. ठिकठिकाणच्या वानरांचे मुळासकट उपटलेले केस आणि गालाच्या आतली लाळ गोळा करायची, त्यावरून कोण कुठल्या रानातलं आणि कोणाचं कोणाशी काय नातं ते काढायचं. केस मागत फिरायची म्हणून सगळे तिला केसवाली म्हणू लागले आणि तिनेही ते हसून घेतलं. काकूंनी ठमीला तोंड उघडून कापसाची काडी गालात फिरवून घ्यायला शिकवलं. केस उपटताना मात्र ठमीने हात ओढून घेतला आणि केसवालीचाच एक केस उपटून घेऊन गेली. तो तिने उजेडात धरून बारकाईने पाहिला.

"तिचाही अभ्यास चालू झालाय," काकू म्हणाल्या.

काही महिन्यांनी केसवाली परत आली, ती साहेबांच्या खोलीत बराच वेळ बसली आणि मग वानरघरात आली. काकू त्या वेळी फळी घासत होत्या.

"काकू, ठमीचं कळलं. ती संकरित आहे."

"म्हणजे? बियाणं आहे का ती?"

केसवाली उलट्या बादलीवर बसली. "ऑरँगउटान दोन मोठ्या बेटांवर राहतात. बोर्निओ आणि सुमात्रा. दिसायला सारखेच वाटतात, पण दोन घरं लाखो वर्षांपूर्वी वेगळी झाली. ठमीला आईकडून जे जसंच्या तसं उतरलंय, ते बोर्निओचं आहे. बाप मात्र सुमात्राचा."

"बेटं वेगळी, तर मग एकाच घराची दोन घरं झाली कशी? पोहत गेले?"

"यांना पोहता येत नाही. पण पूर्वी समुद्र आजच्याएवढा भरलेला नसायचा. जगभर थंडी वाढली, बर्फ साठलं, की पाणी उतरायचं आणि बेटं जमिनीने जोडली जायची. तेव्हा पसरले. मग पाणी चढलं. पुन्हा उतरलं, तरी मधे रुंद नद्या आणि उघडं माळरान. हे तर झाडावरून खाली पाय ठेवायला नाखूश. एखादा नर कधीकाळी चुकून तिकडे गेला असेल, त्याच्या खुणा आम्हाला सापडतात. पण ते फार जुनं. बाकी दोन्ही घरं आपापली वाढली."

"मग ठमीच्या आईबापांची गाठ कोणी घालून दिली?"

"माणसांनी. सगळे तांबडे एकच समजून कोणीतरी एका पिंजऱ्यात ठेवले असतील. असं खूप ठिकाणी झालंय."

काकूंनी ब्रश खाली ठेवला. "आणि माणसांचं? आपल्यातही असली वेगळी घरं आहेत?"

"आपली भावकी अगदी लहान, काकू. सुमात्राच्या रानातल्या दोन ऑरँगउटानांमध्ये जेवढा फरक निघतो, तेवढा तुमच्यात आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या बाईतसुद्धा नाही. आपण सगळे फार जवळचे."

"माझ्यात आणि माझ्या जावेतही फरक नाही?"

"नावापुरता."

"तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे," काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

हसणं तेवढ्यापुरतंच. पुढचं ऐकून काकूंचं तोंड उतरलं. रानात दोन्ही घरांची संख्या घटत चालली होती. पुढे कधी गरज पडलीच, तर पिंजऱ्यातली पिलावळ तरी सरमिसळ न झालेली असावी, म्हणून संकरित मादीला पिल्लू होऊ द्यायचं नाही, असा नियम होता. ठमीला रोज दुधातून गोळी सुरू होणार होती. शिवाय झाडं आणि दोर असलेलं पुढचं मोठं दालन सुमात्राच्या शुद्ध जोडीला मिळणार होतं. ठमी मागच्या लहान दालनात जाणार होती, आणि जमलंच तर दुसऱ्या गावी.

"तिचं काही चुकलंय का?" काकूंनी विचारलं.

"नाही," केसवाली म्हणाली. "तिचं काहीच चुकलं नाही. नियमही बरोबर आहे आणि तुम्हाला वाईट वाटतंय तेही बरोबर आहे." तिने उगाच गोड बोलून वेळ मारून नेली नाही, हे काकूंना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

त्या संध्याकाळी घरी काकू गप्प होत्या. शिंप्यांनी मशीन थांबवलं. लग्न झाल्यापासून असं क्वचितच घडलं होतं. "बोल की काहीतरी," ते म्हणाले, "चुकल्यासारखं वाटतंय." मग काकूंनी सगळं सांगितलं. शिंप्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "लांब पाठवणार असतील, तर आत्ताच रडून ठेवू नकोस. पाठवतील तेव्हा बघू."

जोडी आली. नर धिप्पाड, गालांना दोन्ही बाजूंनी थाळ्यांसारख्या कडा. त्याचं नाव पहिलवान पडलं. मादी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली, लाजरी, कोपरा धरून बसणारी. तिला सगळे पाहुणी म्हणू लागले. ठमी मागच्या दालनात गेली. दोन्ही दालनांमध्ये फक्त एक जाळी होती. ठमी दिवसभर त्या जाळीशी बसून पुढच्या बाजूला काय चाललंय ते बघायची, चाळीतली म्हातारी खिडकीत बसते तशी.

यथावकाश पाहुणीला दिवस गेले आणि एका पहाटे ती बाळंत झाली. काकू कामावर पोहोचल्या तेव्हा डॉक्टर जाळीशी उकिडवे बसले होते. पिल्लू पेंढ्यावर पडून किंचाळत होतं आणि पाहुणी लांब कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून बसली होती. मारत नव्हती, पण जवळही येत नव्हती. दुपारपर्यंत वाट पाहून डॉक्टरांनी पिल्लू उचललं.

"ही स्वतः बाटलीवर वाढलेली," डॉक्टर म्हणाले. "माणसांच्या हातात. आईपण बघायला मिळालंच नाही तिला. आणि आता हे पिल्लूही आपण वाढवलं, तर त्याचंही पुढे तेच होणार."

पिल्लू मादी होती. डोळे सगळा चेहरा व्यापून राहिलेले, डोक्यावर चार केस उभे. तिचं नाव पिटुकली झालं. ऑरँगउटानचं पिल्लू आईच्या केसांना घट्ट धरून असतं; सोडलं की घाबरतं. तेव्हा सांभाळणाऱ्याच्या अंगावर केस हवेत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते काम आपसूक शिंप्यांकडे आलं. त्यांनी जाड कापडाच्या बंडीवर तांबड्या लोकरीचे लांब पेड शिवले, तेही ओढून तुटणार नाहीत असे दुहेरी टाक्याचे.

"आयुष्यभर लोकांचे कोट शिवले," ते म्हणाले, "आता माकडाचा शिवतोय."

"माकड नव्हे, वानर," आतून आवाज आला.

"वानराचा शिवतोय," त्यांनी दुरुस्ती केली.

ती बंडी घालून काकू, डॉक्टर आणि आणखी दोघं आळीपाळीने पिटुकलीला छातीशी घेऊन फिरू लागले. बंडी घातलेल्या डॉक्टरांना पाहून साहेबांनी एकदा हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्यांना ठसका लागला. पण काकूंचं लक्ष दुसरीकडेच होतं. ठमी आता पुढच्या दालनाकडे बघत नव्हती. पिटुकलीला घेऊन जो जाईल, त्याच्याबरोबर जाळीच्या आतून ती चालत जायची. पिटुकली रडली, की ती ओठ लांब करून बारीक आवाज काढायची. तसा आवाज तिच्या तोंडून काकूंनी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरांनीही ते पाहिलं. एक दिवस चहा पिताना ते म्हणाले, "काकू, ठमी हिला पदरात घेईल का हो?"

"घेईल," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे, मला वाटतं घेईल. पण दूध कुठून आणणार?"

"बाटली आपण देऊ. जाळीतून. तिने फक्त पोराला घेऊन जाळीपाशी यायचं आणि धरून बसायचं. एवढं शिकवाल तिला?"

शिकवणी सुरू झाली. शिंप्यांनी तांबड्या कापडाची एक बाहुली शिवली. पहिल्या दिवशी ठमीने ती डोक्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिचं पोट उसवून आतला कापूस काढला आणि तो सगळ्या दालनात पसरला. शिंप्यांनी पुन्हा शिवली, आतून कातड्याचं अस्तर घालून. हळूहळू गाडी रुळावर आली. काकूंनी "आण" म्हटलं, की ठमी बाहुली घेऊन जाळीशी यायची. "धर" म्हटलं, की बाहुलीचं तोंड जाळीकडे करून बसायची. बरोबर केलं, की खजूर. चुकलं, तर काही नाही. एकदा दुधाच्या मोहाने तिने बाहुली सोडून स्वतःचंच तोंड बाटलीला लावलं आणि अर्धी बाटली संपवली. काकूंनी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिने बाहुली डोळ्यांसमोर धरून आपलं तोंड लपवलं.

मग एक दिवस खरं पिल्लू आत ठेवायचं ठरलं. केसवालीही मुद्दाम आली. साहेब आले. झोपेचं औषध भरलेली बंदूक घेऊन एक माणूस बाजूला उभा राहिला. काकूंनी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. ठमीला आतल्या खोलीत थांबवून डॉक्टरांनी तिच्या दालनात पेंढ्याच्या ढिगावर पिटुकलीला ठेवलं, बाहेर येऊन दार लावलं आणि आतल्या खोलीचा दरवाजा सरकवला. सगळ्यांचा जीव टांगणीला.

पिटुकलीने किंकाळी फोडली. ठमी धावत आली, अगदी जवळ येऊन थबकली. तिने पिल्लाची टाळू हुंगली. एक बोट तळव्याला लावलं, तशी त्या इवल्या मुठीने ते बोट घट्ट पकडलं. मग ठमीने तिला उचललं, कुशीला लावलं आणि दुसऱ्या हाताने दोर पकडून सरळ वरच्या फळीवर निघून गेली.

रडणं थांबलं. खाली कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण साहेबांनी रुमाल काढला.

आता प्रश्न दुधाचा. काकू बाटली घेऊन जाळीशी गेल्या. "ठमे, आण." ठमीने खाली पाहिलं आणि पिल्लाला आणखी घट्ट धरलं. "आण गं." ठमीने पाठ केली. खजूर दाखवला, तरी नाही. दूध निवलं, पुन्हा गरम करून आणलं. वेळ जाऊ लागला तसं साहेबांनी बंदुकीवाल्याकडे पाहिलं.

"थोडं थांबू," डॉक्टर म्हणाले. "पिल्लू अजून टवटवीत आहे. बाकी सगळे बाहेर चला. काकू, तुम्ही बसा."

सगळे गेले. काकू जाळीला पाठ टेकून फरशीवर बसल्या. वर बघितलं नाही, हाक मारली नाही. बाटली मांडीवर ठेवून त्यांनी नेहमीसारखं बोलायला सुरुवात केली. जावेने नवं कपाट घेतलं आणि ते दारातून आत जाईना. मुलीचा फोन आला होता, तिचा धाकटा सारखा शिंकतोय. शिंपी हल्ली चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात. बोलता बोलता त्यांना मागे दोराची करकर ऐकू आली. तरी त्यांनी मान वळवली नाही. मग मानेवर ऊन श्वास लागला आणि जाळीतून एक बोट त्यांच्या खांद्याला टेकलं.

काकू वळल्या. ठमी पिटुकलीचं तोंड जाळीला लावून बसली होती. न सांगता.

बाहेर काचेपाशी उभी असलेली केसवाली म्हणते, की काकू तेव्हा हसत होत्या. काकू म्हणतात, आपण रडत होतो. डॉक्टर म्हणतात, त्यांचं लक्ष फक्त बाटली किती रिकामी झाली त्याकडे होतं.

पिटुकली झपाट्याने वाढली. ठमीच्या पोटाला चिकटून, मग पाठीवर बसून, मग हात धरून. ठमीला दुसऱ्या गावी पाठवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. उलट बांधकामवाले आले, मागचं दालन वाढवलं, नवे दोर आणि एक वाळलेलं भलंमोठं झाड आत उभं केलं. गोळी मात्र चालू राहिली. काकू ती रोज स्वतः दुधात विरघळवतात. त्याचं त्यांना आता काही वाटत नाही.

केसवालीचा अभ्यासही पुढे सरकला होता. रानातल्या ऑरँगउटानांचे नमुने तिच्याकडे आले. एकाच बेटावरसुद्धा नदीच्या अलीकडचे वेगळे आणि पलीकडचे वेगळे निघतात, असं ती सांगायची. ठमीच्या आईकडचा धागा त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर एक दिवस ती घाईघाईने वानरघरात शिरली.

"काकू, ठमीचं आजोळ सापडलं! बोर्निओच्या पूर्वेकडचं रान. तिच्या आईच्या घरातली आजही तिथे आहेत."

काकूंनी हात पुसले, नकाशावर ती जागा बघितली, मग जाळीपाशी जाऊन ठमीला सविस्तर सांगितलं. ठमीने नकाशाचा कोपरा ओढून घेतला आणि पिटुकलीने तो खाल्ला.

आणखी काही काळाने पाहुणी पुन्हा बाळंत झाली. डॉक्टरांनी सगळी तयारी ठेवली होती, दूध आणि बंडीसकट. इतके महिने पाहुणी मधल्या जाळीशी बसून ठमीकडे बघत असायची. पोर कसं उचलते, कसं पुसते, रडलं की काय करते. त्या सकाळी सगळे काचेपाशी उभे होते. पाहुणी पिल्लापाशी आली, मागे गेली, पुन्हा आली. तिने पिल्लू उचललं. उलटं. डोकं खाली, पाय वर.

"अगं, फिरव," काकू कुजबुजल्या.

तिने फिरवलं. छातीला लावलं. थोड्याच वेळात पिल्लाला दूध सापडलं.

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. काकूंनी सर्वांसाठी चहा सांगितला आणि घरी फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर थांबली.

"घेतलं तिने," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदा उलटं धरलं, पण घेतलं."

"बरं झालं," शिंपी म्हणाले. मग, बहुधा काकू अजून काही बोलतील म्हणून ते वाट पाहत राहिले. आणि काकूंना बोलायला पुष्कळ होतं.